दुष्काळातली उपकारस्तुती

कासमचाचा पिंजाऱ्याची कमान सकाळी सुरू झाली की आमच्या खोलीतली भांडीसुद्धा हलकी झणझणायची. तो ताँव ताँव आवाज मधल्या भिंतीतून आमच्याकडे यायचा आणि त्याच्यामागून कापसाचे बारीक तंतू दाराच्या फटीतून आत यायचे. अंथरुणावर, पाण्याच्या हंड्यावर, धाकट्या दानिएलच्या केसांत बसायचे. आई झाडू घेऊन ते गोळा करायची आणि म्हणायची, "नाताळच्या कार्डावर बर्फ पडतंय न्हवं, तसं आपल्या घरात बारमाही पडतंय." घोडनदीत तेव्हा प्यायला पाणी नव्हतं आणि आमच्या खोलीत बर्फ पडत होतं. शिरूरला आम्ही सगळे घोडनदीच म्हणायचो, गावालाही आणि नदीलाही. नदी त्या वर्षी नुसती नावाला उरली होती. पात्रात झरे खणून बायका वाटीवाटीनं घागर भरायच्या.

कासमचाचांच्या वाड्यातल्या त्या एका खोलीत आम्ही राहायला आलो, कारण मिशनची खोली सोडावी लागली. माझे बाबा, योहान मास्तर, नदीपलीकडच्या एका वाडीत मिशनच्या शाळेवर शिक्षक होते. मिशनकडचा परदेशातला पैसा आटत चालला तशा वाड्यावस्त्यांवरच्या शाळा एकेक करून बंद झाल्या. सरकारी शाळेत घ्यायचं तर ट्रेनिंग झालेला मास्तर लागे. बाबा सातवीची फायनल पास होते, ट्रेनिंग झालेलं नव्हतं. ज्या हातांनी त्यांनी वाडीतल्या दोन पिढ्यांना अक्षर गिरवायला लावलं, त्या हातांत एक दिवस हमालाचा आकडा आला. मार्केट यार्डात माल कमी आणि हमाल जास्त, अशी वेळ होती. पोतं उचलायला मिळालं नाही की बाबा यार्डाच्या भिंतीला टेकून बसायचे आणि कुणी जुना विद्यार्थी दिसला की पलीकडे तोंड करायचे.

मिशननं खोली खाली करून घेतली त्या रविवारपासून बाबा देवळात आले नाहीत. देऊळ म्हणजे आमचं चर्च, कंपाउंडातलं दगडी, कौलारू. आई दर रविवारी आम्हा दोघांना अंघोळ घालून, पदर डोक्यावर घेऊन निघायची आणि उंबऱ्यात थांबून एकदा विचारायची, "येताय न्हवं?"

बाबा म्हणायचे, "तू जा."

एकदा तिनं चिडून विचारलं, "देवानं काय केलंय तुमचं?"

"देवानं नाही. मिशननं सोडलं मला. पण त्या दोघांचं घर एकच पडलं ना, रूथ. म्हणून मी जात नाही."

आईनं पदर सारखा केला आणि निघाली.  वाटेत तिनं माझा हात असा घट्ट धरला होता की देवळापाशी पोचेपर्यंत बोटं दुखायला लागली.

त्या वर्षीचं खाणं म्हणजे मिलो. रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची, तव्यावर काळपट लाल व्हायची आणि गार झाली की दाताला चामड्यासारखी लागायची. तिच्याबरोबर चिंचेच्या कोळात कुटलेली मिरची, नाहीतर हुलग्याचं पातळ माडगं. आता माझी नात दुकानातून भरड धान्याची रंगीत पाकिटं आणते आणि मला सांगते, आजी, हे तब्येतीला चांगलं असतं. मी मान डोलावते. तिला काय सांगायचं, की त्या लाल भाकरीचा वास नुसता आठवला तरी मी अजून ताट बाजूला सारते.

मिशनच्या कंपाउंडातही परदेशी मदत यायची, पिवळं पीठ, दुधाची पावडर, तेलाचे डबे. कंपाउंडातल्या बोर्डिंगची पोरं तर तिच्यावरच जगत होती. गावातली लहान मुलंही भांडी घेऊन दूध प्यायला यायची, सगळ्या जातींची. पण नाव मात्र आमचंच व्हायचं. एकदा नळावर गल्लीतली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांचा देव अमेरिकेवरनं येतो, पोत्यातनं. पोतं आलं की ह्यांची भक्ती आली."

आईनं घागर खाली ठेवली. "आन् रेशनवर तुमी काय आनता वो बाई?"

"काय म्हंजी? मिलो."

"ती कुटनं येते?"

बाईनं आपली घागर नळाखाली सरकवली.

"त्याच पोत्यातलं तुमीबी खाता, आमीबी खातो. मग तुमचाबी देव तोच म्हनायचा का?"

नळावरच्या बायका हसल्या. ती बाईसुद्धा ओशाळून हसली. आईनं घागर कमरेवर घेतली आणि निघाली, पण घरी आल्यावर चूल पेटवताना तिनं काड्यांवर काड्या मोडल्या. तो टोमणा तिला लागला होता. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांना कुणी पोतं दिलं नव्हतं, उलट होतं ते बलुतं गेलं होतं. हे ती आम्हाला सारखं सांगायची. सरकारचीही गंमत अशी, की मागासवर्गीयांना शाळेत ज्या सवलती मिळत त्या आम्हाला लागू नव्हत्या. धर्म बदलला म्हणजे गरिबी बदलली, असं सरकारला वाटत असावं. म्हणून माझ्या पुढच्या शिक्षणाची सगळी भिस्त मिशनवरच होती. मिशननं दिलं तर शाळा, नाहीतर यार्डात धान्य निवडायला.

आई दुष्काळी कामावर जायला लागली. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायची. सुट्टीच्या दिवशी मीही जायची. उन्हात ओळीनं बायका बसलेल्या असत आणि हातोड्यांचा टकटक आवाज मैलभर पसरलेला. दगडाचा कपचा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून सगळ्या जणी घाव घालताना मान किंचित वळवायच्या. आईच्या शेजारी एका वाडीच्या पाटलीणबाई बसत. बागायतदाराच्या घरच्या, आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर कामाला न गेलेल्या. पहिले काही दिवस त्यांनी तोंडावरून पदर काढला नाही. पुढं पुढं दोघी जणी एकमेकींच्या हाताला फडकी बांधायला लागल्या. पाटलीणबाई एकदा म्हणाल्या, "रूथबाई, आमच्या विहिरीवर तुमच्या मानसांना कवा पानी भरू दिलं न्हाई आमी. आता विहिरीतच न्हाई." आई म्हणाली, "पाऊस आला की भरू द्या मंग." आणि दोघी हसल्या. हसताना पाटलीणबाईंचे डोळे भरले होते, ते कपच्यानं असं त्यांनी सांगितलं.

आमच्याकडे दर वर्षी पिकं घरात आली की उपकारस्तुतीचा सण व्हायचा. त्याची मजा नाताळापेक्षा मला जास्त वाटे. प्रत्येक घरानं आपल्या पिकातलं पहिलं देवळात आणायचं. बाजरीची कणसं, भोपळे, भुईमुगाचे डहाळे, अंडी. पाय बांधलेल्या कोंबड्या बाकाखाली ठेवलेल्या असत आणि पाळकसाहेबांचा उपदेश ऐन रंगात आला की नेमक्या ओरडायच्या. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि लिलाव पुकारायला बाबा. एखादं अंडं कुणी घेतलं की तो ते पुन्हा देवाला द्यायचा, पुन्हा लिलाव, पुन्हा कुणी घ्यायचा. एकच अंडं सगळ्या देवळातून फिरून यायचं. बाबांचा तो आवाज, टेबलावर हात आपटण्याची त्यांची ढब, त्या वेळी त्यांच्या तोंडावर असलेलं हसू मी पुन्हा फार क्वचित पाहिलं.

त्या वर्षी मिशनचे मॅनेजर साहेब एका संध्याकाळी कासमचाचांच्या वाड्यात आले. गोरेगोमटे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. कासमचाचांच्या बायकोनं, हुसेनबीचाचीनं, त्यांना बसायला गादी टाकली. ते आईला म्हणाले, "रूथबाई, यंदा उपकारस्तुती नाही. कुणाच्या घरात काही पिकलेलंच नाही, तर आणणार काय? त्या रविवारी परदेशातले पाहुणे येणार आहेत, मदत पाठवणाऱ्या मंडळाचे. त्यांच्यासमोर धान्य वाटप होईल, फोटो निघतील. आणि करुणानं इंग्रजीत चार वाक्यं बोलायची आहेत."

मला इंग्रजी येत होतं ते कंपाउंडातल्या दवाखान्याच्या मॅडममुळं. त्या परत मायदेशी जाईपर्यंत दोन-तीन वर्षं मी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून पट्ट्या गुंडाळायची आणि त्या माझ्याशी इंग्रजीत बोलत राहायच्या. व्याकरण बाबांनी घोटून घेतलं होतं.

"काय बोलायचं तिनं?" आईनं विचारलं.

मॅनेजर साहेबांनी मला ती वाक्यं पाठ म्हणून दाखवली. आम्ही गरीब आहोत, आम्ही उपाशी होतो, तुम्ही आम्हाला अन्न दिलं, तुमच्यामुळं आम्हाला देव कळला. मग ते आईकडे वळून म्हणाले, "पाहुण्यांवर छाप पडली तर दुसऱ्या सहामाहीपासून करुणाला पुण्याकडच्या बोर्डिंगात घेता येईल. मॅट्रिकपर्यंत सगळा खर्च मिशनचा. मी शब्द टाकलाय."

आई म्हणाली, "बरं." ते गेल्यावर तिनं ती वाक्यं माझ्याकडून मराठीत वदवून घेतली, शेवटचं तर दोनदा. मग पायांत वहाणा घालून ती थेट पाळकसाहेबांकडे निघाली. मला म्हणाली, "चल तूबी."

पाळकसाहेब म्हातारे होते, मवाळ. त्यांचा स्वतःचा पगार कित्येक महिने आलेला नव्हता आणि त्यांच्या घरीही लाल भाकरीच होती, ती मला कोपऱ्यातल्या दुरडीत दिसली.

"सलाम, साहेब. उपकारस्तुती का न्हाई म्हंता?"

"बाई, आणायला काय आहे लोकांकडं?"

"जे हाय ते आणू."

"आणि आभार कशाचे मानायचे? लोकांना मी काय सांगू?"

"साहेब, बरं पिकलं तवा तुमी आमाला सांगितलं, देवाचे आभार माना. आता न्हाई पिकलं तर मानू नका म्हंता. मंग नळावरची बाई बोलती ते खरंच की, आमची भक्ती पोत्याची." आईचा आवाज चढला होता. "पोत्यांचे आभार माना, व्हय, मानू. त्या लोकांचं भलं होवो. पर देवाचा सण पोत्यांसाठी रद्द करू नका. मला पाच मिनिटं द्या. पावनं यायच्या टायमाला आमी आमचं ठेवतो टेबलावर, मी एक प्रार्थना करते. मंग तुमचं वाटप चालू द्या."

पाळकसाहेबांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मॅनेजरांना आवडणार नाही." आणि पुन्हा बसत, "पाच मिनिटं. जास्त नाही."

बातमी कामावरच्या आमच्या बायकांत पसरली. त्या रविवारी देवळात आम्ही गेलो तेव्हा पुढच्या बाकावर पाहुणे बसलेले होते, एक उंच म्हातारे साहेब आणि त्यांची बायको, शेजारी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. व्हरांड्यात पोत्यांची थप्पी. गीत झालं आणि पाळकसाहेबांनी मान हलवली. बायका मागून एकेक करून पुढं आल्या. कुणी तरवडाच्या पिवळ्या फुलांची जुडी आणली होती, कारण रानात त्या वर्षी फुललेलं तेवढंच होतं. कुणी चार गोवऱ्या, कुणी निवडुंगाची लाल बोंडं, कुणी केकताडाच्या वाखाची वळलेली दोरी. एका म्हातारीनं रिकामी सुपली आणून ठेवली. सगळ्यात शेवटी आई. डोक्यावर पाटी. तिनं ती उतरवली आणि टेबलावर ठेवली तसं टेबल कुरकुरलं. पाटीत खडी होती, तिनं आठवडाभरात फोडलेली, पदरानं पुसून काळी कुळकुळीत केलेली.

 मॅनेजर साहेब अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. आईनं पदर सारखा केला, डोळे मिटले. तिची प्रार्थना माझ्या कानात जशी आहे तशी लिहिते.

"देवा, औंदा तू पानी दिलं न्हाईस. आमी वाट बघितली, तू दिलं न्हाईस. का दिलं न्हाईस ते तुझं तुला ठावं, आमी इचारत बसलो न्हाई, आमाला कामं हायेत. दर साली आमी तुला बाजरी आनतो, औंदा दगूड आनलाय. हे आमचं पीक. ह्या हातानं काढलंय. लोक म्हंत्यात, ह्यांचा देव पोत्यातनं येतो. पोती यायच्या आदीबी आमी तुझीच हुतो, पोती संपल्यावबी ऱ्हानार. तू दिलंस तरी येनार, न्हाई दिलंस तरी येनार. तुला आमाला टाळता यायचं न्हाई. आज आमी मागाया आलेलो न्हाई, द्यायला आलोय. घे. आमेन."

'आमेन' म्हणताना बायकांचे आवाज असे एकदम उठले की कौलांवरची पाखरं उडाली. पाहुण्या बाईंनी मॅनेजर साहेबांकडे वाकून काहीतरी विचारलं. साहेब उभे राहिले आणि हसून, हात जोडून, सगळ्यांना ऐकू येईल असं इंग्रजीत म्हणाले, की ही बाई तुमच्या दयाळूपणाबद्दल देवाचे आभार मानते आहे, ती म्हणते की तुमचं धान्य आलं नसतं तर देव आम्हाला सापडला नसता.

मी माझ्या चार वाक्यांसाठी पहिल्या बाकाच्या टोकाला बसले होते. मनातल्या मनात तीच घोकत होते. पण ते ऐकलं आणि डोक्यात काहीतरी लखकन झालं. टेबलापाशी आई मान ताठ करून उभी होती, तिला वाटत होतं की तिचं बोलणं त्या लोकांपर्यंत पोचलं. तिला कसं कळणार, की तिच्या तोंडी नळावरच्या बाईचंच बोलणं घातलं गेलंय!

मी उठले. "नो सर," मी म्हणाले. आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाले, "नो सर. शी डिड नॉट से दॅट."

मॅनेजर साहेब मराठीत म्हणाले, "करुणा, खाली बस."

मी बसले नाही. माझं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, क्रियापदं चुकत होती, खडीला शब्द सापडेना म्हणून हातानं हातोडीचा घाव करून दाखवला. पण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पाणी दिलं नाहीस, ते. दगड आणलाय, ते. पोती यायच्या आधीही आम्ही तुझेच होतो, ते. तुला आम्हाला टाळता येणार नाही, हे सांगताना माझ्याकडून जवळजवळ ओरडलंच गेलं. मग मी खाली बसले आणि मला रडू यायला लागलं.

म्हातारे साहेब उठून टेबलापाशी गेले. पाटीतला एक दगड त्यांनी उचलला, तळहातावर फिरवला आणि होता तिथं ठेवला. त्यांच्या बाईंनी मला विचारलं, ही टोपली आम्हाला विकत मिळेल का, आठवण म्हणून घरी न्यायला. मी आईला विचारलं.

आई म्हणाली, "त्यास्नी सांग, ते देवाला दिलंय. आता माझं न्हाई ते." जरा थांबून म्हणाली, "पर चांगल्या मनानं इचारलं, हेबी सांग."

मी दोन्ही सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मान हलवली आणि आईचा हात धरला. धरल्यावर त्यांनी तो उलटा करून तळव्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ सोडला नाही.

वाटप झालं. फोटोही निघाले असतील. आई रांगेत उभी राहिली आणि आमच्या वाटणीचं पीठ तिनं घेतलं. मी फुरंगटून बाजूला उभी होते तर मला म्हणाली, "तोंड का पाडलंस? घेनं काय पाप न्हाई. खोटं बोलून घेनं पाप हाय. धर डबा."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब वाड्यात आले. या वेळी गादीवर बसले नाहीत. म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण बोर्डिंगला नम्र मुली लागतात. जागा दुसरीला दिली."

बाबा नुकतेच यार्डातून आले होते, अंगाला भुश्याची खाज सुटलेली. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तिचं भाषांतर चुकलं होतं का?"

"भाषांतर बरोबर होतं, मास्तर. वेळ चुकीची होती." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "मी कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला? अशाच एका दुष्काळात मला रस्त्यावरून उचलून आणलं मिशननं. आईबाप कोण, ठाऊक नाही. ह्याच पोत्यांनी जगवलं मला. उद्या ती थांबली तर बोर्डिंगच्या पोरांना काय खडी खायला घालू?"

 भिंतीपलीकडची कासमचाचांची कमान थांबली होती. मॅनेजर साहेबांच्या त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मला या वयातही देता येत नाही. पोती थांबली नाहीत, येत राहिली, एवढं मात्र खरं. पण ते त्या दिवशी त्यांना कुठं माहीत होतं? मी त्यांच्यावर पुष्कळ वर्षं दात धरून होते. आता तसा राग राहिलेला नाही. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा उठेन, आणि या खेपेला क्रियापदंही चुकणार नाहीत.

ते गेल्यावर आई मटकन खाली बसली. "माज्या प्रार्थनेपायी पोरीची शाळा गेली," एवढंच म्हणाली. देवासमोर मान ताठ ठेवणारी बाई माझ्यासमोर अशी वाकलेली मला बघवेना. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "गेली नाही. ती दौंडला शिकेल. ताईकडं."

दौंडची आत्या बाबांची थोरली बहीण. आत्याचे यजमान, आतोबा, रेल्वेत फायरमन होते, इंजिनात कोळसा घालणारे, लोकोशेडजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांच्या घरात सहा माणसं आणि एक कमावता. बाबांनी एसटीच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून निरोप धाडला आणि आत्याचा उलटा निरोप आला, "पाठव. खाईल आमच्यात." निघताना हुसेनबीचाचीनं मला ताज्या पिंजलेल्या कापसाची उशी दिली. म्हणाली, "शिकलीस की मला अंगठा सोडून सही शिकव." पाटलीणबाईंनी आईबरोबर बांधून पाठवलेले मूठभर शेंगदाणे मी बसमध्ये एकेक करून खाल्ले. त्यांच्याकडे ते शेवटचे होते, हे आईनं मला फार पुढं सांगितलं.

केडगावला बस सोडून बाबांनी आणि मी पॅसेंजर धरली. दौंड आलं ते आधी वासानं, कोळशाच्या. आत्याच्या घरात धुतलेले कपडेसुद्धा राखाडी असायचे. शेडचा भोंगा झाला की सगळी गल्ली हलायची. सकाळी बेकरीचा पाव आणि काळा चहा, जो मला पहिल्या दिवशी मेजवानीसारखा वाटला. शेडमधून टाकलेल्या राखेतले अर्धे जळके कोळसे वेचून आणायचं काम पुढं माझ्याकडे आलं. ते करत करतच मी मॅट्रिक झाले आणि नर्सिंगला गेले. पण ते सगळं नंतरचं.

दौंडला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा मला हायस्कुलात घेऊन गेले. त्यांनी आतोबांचा कोट घातला होता, बाह्या आखूड. हेडमास्तर काळी टोपी घातलेले, करड्या आवाजाचे. त्यांनी मला दोन-चार प्रश्न विचारले, मग बाबांना म्हणाले, "मुलगी तयार दिसते. पण वर्ष अर्धं होत आलं. आधी कुठं जागा बघितली नव्हती?"

"बोर्डिंगात ठरली होती. गेली."

"का गेली?"

मला वाटलं, बाबा काहीतरी सारवासारव करतील. यार्डात ओळखीचा माणूस दिसला की तोंड फिरवणारे बाबा. पण ते खुर्चीच्या मागं सरळ उभे राहिले, हात पाठीशी बांधले, वाडीच्या शाळेत फळ्यापुढं उभे राहत तसे, आणि म्हणाले, "खरं भाषांतर केलं म्हणून."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "नीट सांगा."

बाबांनी सगळं सांगितलं. खडी, प्रार्थना, पाहुणे. सांगता सांगता आईची प्रार्थना त्यांनी शब्दन् शब्द म्हटली. मी चकित होऊन बघत राहिले, कारण बाबा त्या रविवारी देवळात नव्हते. आत तरी नव्हते. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. देवळाच्या आत ते त्यानंतरही कित्येक वर्षं गेले नाहीत.

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि म्हणाले, "हिला वर्गात नेऊन बसव. पुढच्या बाकावर."

आम्ही व्हरांड्यात आलो. घंटा झाली होती, वर्गांतून पाढ्यांचा कल्लोळ येत होता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, की नीट अभ्यास कर म्हणून सांगितलं नाही. ते एक पाऊल मागं सरले, मोठ्या माणसांना करतात तसा मला "सलाम" केला आणि मागं न बघता पायऱ्या उतरून स्टेशनाच्या दिशेनं भराभर चालायला लागले.